एमील ब्रम्प्ट यांचा अमीबा

नोकरीसाठीच्या तपासणीत शौचाच्या रिपोर्टवर ‘एंटामिबा हिस्टोलिटिका सिस्ट’ असं आलंय, पोटाची तक्रार मात्र काहीच नाही. औषध घ्यायचं का, असं एका वाचकाने विचारलं आहे. औषधाचं डॉक्टरच सांगतील. पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ती दहा-पंधरा मायक्रॉनची गोल पुटी आणि तिच्यातली चार केंद्रकं. तेवढ्यावरून ती आव पाडणाऱ्या हिस्टोलिटिकाची की आतड्यात निमूट राहणाऱ्या डिस्पारची, हे कुणालाच सांगता येत नाही.

हा अमीबा पोटात असूनही असंख्य माणसं ठणठणीत कशी? पॅरिसचे परजीवीतज्ज्ञ एमील ब्रम्प्ट यांनी १९२५ मध्येच सांगितलं होतं: हे दोन वेगळे जीव आहेत. ‘डिस्पार’ हे नावही त्यांचंच. पण डोळ्यांना फरक दाखवता येईना, म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला पडलं. १९५१ मध्ये ते वारले. १९७८ मध्ये लंडनला सार्जंट यांनी अमीबाच्या विकरांवरून दोन गट वेगळे काढले. डायमंड आणि क्लार्क यांनी १९९३ मध्ये, डीएनएच्या पुराव्यासह, ब्रम्प्ट यांची जात त्यांना परत दिली. तोवर जगात पन्नास कोटी लोकांना हिस्टोलिटिकाची लागण असल्याचं सांगितलं जाई. त्यातले सुमारे नव्वद टक्के डिस्पारवालेच असावेत! ब्रम्प्ट यांचं नाव शाळेच्या पुस्तकात यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

२००५ मध्ये हिस्टोलिटिकाचा जीनोम ‘नेचर’मध्ये आला. अशा वेळी ‘कोडं उलगडलं’ म्हणायची घाई होते. प्रत्यक्षात तो होता १९६७ साली मेक्सिकोतल्या एका रुग्णाकडून मिळालेल्या एकाच वाणाचा. २०१० मध्ये त्याच्या डीएनए-तुकड्यांची जुळणी नव्याने केली, तेव्हा सुमारे २.४ कोटी अक्षरांची २.०८ कोटी झाली आणि दहा हजारांच्या घरातली जनुकं ८,२०१ वर आली. या जीनोममध्ये तेच ते तुकडे इतके, की जुळवणाऱ्याची फसगत व्हावी. त्याचा जवळपास दहावा हिस्सा नुसत्या टीआरएनए जनुकांच्या रांगांचा.

पण वाण ओळखायला याच रांगा कामी आल्या. माळेतल्या दोन मण्यांमधल्या गाठी मोजाव्यात, तशी त्या जनुकांमधल्या छोट्या तुकड्यांची आवर्तनं मोजतात. दर वाणाची मोजणी निराळी. बांगलादेशातल्या रुग्णांचे नमुने असे तपासले, तर एकाच माणसाच्या आतड्यातला अमीबा आणि त्याच्याच यकृतातल्या गळवातला अमीबा जुळेनात. आतड्यातल्या अनेक वाणांपैकी एखादाच यकृतापर्यंत पोचतो, की वाटेत त्याच्या डीएनएचीच फेरमांडणी होते? दोन्ही शक्यता अजून उभ्या आहेत.