उतारावरचं घर्षण: फळी, मोबाईल आणि आंबा घाट

रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाट लागतो. पावसाळ्यात मी मित्रांकडून हमखास ऐकतो, "गाडीवर वजन आहे, घसरणार नाही." खरंच? घरीच मोजूया.

लाकडी फळी तिरकी ठेवा, मोबाईलच्या लेव्हल ॲपने कोन ३० अंश करा. अर्ध्या किलोचा लाकडी ठोकळा वरून नुसता सोडा, ढकलू नका. स्लो-मोशन व्हिडिओतून वेळ काढा.

समजा, १ मीटर यायला १ सेकंद लागला. त्वरण म्हणजे अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग: २. घर्षण नसतं तर ९.८ × साइन ३० = ४.९ आलं असतं. फरक २.९. त्याला ०.५ किलोने गुणा: घर्षणबल १.४५ न्यूटन. आणि २.९ भागिले (९.८ × कॉस ३०), म्हणजे ८.४९: घर्षण गुणांक ०.३४.

आता दुप्पट वजनाचा तसाच ठोकळा सोडा. वेळ जवळपास तोच! कारण खाली ओढणारं बल दुप्पट झालं, तसं घर्षणही. गुणांकाच्या हिशेबात वजन येतच नाही.

रस्ता ओला झाला की मात्र गुणांक घटतो. म्हणून घाटात वजनावर विसंबू नका. टायर बघा, वेग कमी ठेवा.