घरगुती ध्वनिमुद्रण कक्षाचे परीक्षण : दोष खोलीचा की मॉनिटरचा?

संगणकाधारित ध्वनिमुद्रणाची साधने आवाक्यात आल्यापासून राहत्या घरातील एखादी खोली ध्वनिमुद्रण कक्ष म्हणून वापरण्याची प्रथा रूढ झाली आहे. महाविद्यालयांतील संगीत वा लोकसाहित्य विभागांनी संकलित केलेल्या सामग्रीचे संपादनही अशा खोलीत होऊ शकते. तेथे ऐकून घेतलेला निर्णय चुकला, तर ती चूक संपादित प्रतीत कायमची उतरते. खोलीने खर्ज दडवला म्हणून संपादकाने तो वाढवावा आणि तीच प्रत सभागृहात लावल्यावर डग्ग्याने गायकाला झाकून टाकावे, असे सहज घडते. मग खापर मॉनिटरवर, म्हणजे ध्वनी जसाच्या तसा ऐकवणे अपेक्षित असलेल्या ध्वनिक्षेपकावर, फुटते. वस्तुतः कानी पडतो तो मॉनिटर आणि खोली यांचा संयुक्त ध्वनी होय. या दोहोंचे दोष वेगळे कसे ओळखावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वास्तुध्वनिशास्त्राचा पाया वॉलेस सॅबिन यांनी घातला. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात शब्द स्पष्ट ऐकू येत नसत. तेथे १८९५ पासून ऑर्गनची नळी, कालमापक आणि नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्रयोग केले. निनादकाल (सेकंद) म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ (घनमीटर) भागिले एकूण शोषण (चौरस मीटर), हे त्यांचे सूत्र आजही वापरात आहे. १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच खोलीचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर भरते. तेथे निनादकाल ०.३ सेकंदांवर आणण्यासाठी सुमारे १८ चौरस मीटर शोषण लागेल. मात्र ध्वनी खोलीत सर्वत्र सारखा विखुरला आहे, हे या सूत्राचे गृहीतक आहे. मॅनफ्रेड श्रोडर यांच्या निकषानुसार एवढ्या लहान खोलीत सुमारे २०० हर्ट्झच्या खाली ते गृहीतक टिकत नाही. नेमक्या याच पट्ट्यात डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याचा खर्ज वावरतो. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यातील खर्जाच्या तारेची मूळ कंप्रता सुमारे ६९ हर्ट्झ आहे.

या पट्ट्यात खोली स्वतःच वाद्यासारखी वागते. समोरासमोरच्या भिंतींमधील अंतराच्या दुप्पट तरंगलांबी असलेला स्वर तेथे स्थिर तरंग निर्माण करतो. उपरोक्त खोलीच्या १२ फूट लांबीसाठी ही कंप्रता सुमारे ४७ हर्ट्झ येते. तिचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींशी सर्वाधिक, तर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. परिणामी बरोबर मध्यावर बसलेल्यास हा स्वर ऐकूच येत नाही आणि भिंतीला टेकलेल्यास तो अवाजवी मोठा वाटतो. रुंदी व उंची समान असल्याने ५६ हर्ट्झवर दोन अनुनाद एकत्र येतात. म्हणूनच डग्ग्यावरील मींड अशा खोलीत सलग न उतरता मध्येच फुगते, मध्येच विरते.

परीक्षणासाठी सर्व दिशांनी सारखा ध्वनी टिपणारा मापन-मायक्रोफोन आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’सारखी विनामूल्य संगणकप्रणाली पुरते. पंखा अर्थातच बंद हवा. २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा स्वर वाजवून श्रोत्याच्या कानाच्या जागी प्रतिसाद नोंदवावा. एका आलेखावर समाधान मानणे हीच येथील मोठी चूक होय. मायक्रोफोन ३० सेंटीमीटर सरकवल्यावर आलेखातील खळगा जागा बदलत असेल, तर दोष खोलीचा. तो जागचा हलला नाही, तरी मॉनिटर लगेच दोषी ठरत नाही. मॉनिटर मागील भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर असेल, तर भिंतीवरून परतणारा तरंग १४३ हर्ट्झच्या आसपास मूळ तरंगाला छेद देतो. हा खळगा मायक्रोफोन थोडा हलवून नव्हे, तर मॉनिटर हलवून सरकतो. डावा व उजवा मॉनिटर परस्परांच्या जागी ठेवून पाहणेही उद्बोधक ठरते. दोष पेटीबरोबर गेला तर तो पेटीचा, जागेवर राहिला तर जागेचा. निर्णायक पुरावा डी. बी. कील यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या निकटमापन पद्धतीत मिळतो. मायक्रोफोन शंकूपासून जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरवर धरल्यास खोलीचा परिणाम नगण्य होतो आणि काहीशे हर्ट्झपर्यंत मॉनिटरचा स्वतःचा प्रतिसाद मिळतो. पेटीला वायुछिद्र असल्यास त्याचे मापन वेगळे करून त्यात मिळवावे लागते. हा आलेख आणि आसनावरील आलेख यांतील फरक खोलीच्या खाती जमा होतो.

सपाट आलेख म्हणजेच अचूकता, असेही नाही. १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी आलेल्या यामाहा एनएस-१० या मॉनिटरचा आलेख मुळीच सपाट नव्हता, तरी जगभरच्या स्टुडिओंत तो मानदंड ठरला. नेवेल व हॉलंड प्रभृतींनी २००१ मध्ये केलेल्या अभ्यासात त्याचे खर्जाचे स्वर अतिशय झटपट विरतात, असे आढळले. त्याचे उत्पादन त्याच वर्षी थांबले, हा योगायोग मौजेचा. म्हणून आलेखासोबत प्रत्येक कंप्रतेचा विरण्याचा काळही पाहावा.

उपाययोजनेत पहिला क्रम आसन व मॉनिटर सरकवण्याचा. त्यास खर्च नाही. अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम उच्च कंप्रताच शोषतात. ४७ हर्ट्झची तरंगलांबी ७.३ मीटर असल्याने खोलीच्या कोपऱ्यांत खनिज लोकरीचे जाड थर भरावे लागतात. इलेक्ट्रॉनिक समकारकाने, म्हणजे इक्वलायझरने, उंचवटे काही अंशी उतरवता येतात. खळगा मात्र बुजत नाही. १० डेसिबल वाढवण्यासाठी वर्धकाला दहापट शक्ती लागते आणि मूळ तरंगाबरोबर त्याला छेदणारा परावर्तित तरंगही तेवढाच मोठा होतो.