फौजेतील मुलाचा फोन

भोपाळकरांना लष्कर परके नाही. बैरागढला 3 ई.एम.ई. सेंटर आहे आणि 21 व्या कोअरचे मुख्यालयही याच शहरी आहे. अरेरा कॉलनीतील ज्या मराठी घरांतून मुलगा अथवा जावई फौजेत आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पूर्वी ‘56 ए.पी.ओ.’ असा पत्ता घालून अंतर्देशीय पत्र टाकावे आणि उत्तराची वाट पाहत बसावे, अशी रीत होती. पत्र पोचेपर्यंत सासू-सुनेचे भांडण बहुधा मिटलेले असे! आता जानेवारी 2025 पासून सियाचिनवरही 5 जी सेवा पोचली आहे. आईचा आवाज रोज कानी पडतो, लेकराचे बोबडे बोल ऐकू येतात, हा लाभ लहान नव्हे. परंतु त्याच वाटेने घरचा तंटा, कर्जाचा तगादा आणि पत्नीचे अश्रूही तत्क्षणी चौकीवर पोचतात. बातमी क्षणात येते, रजा मात्र क्षणात मिळत नाही. ही असहायता माणसास आतून पोखरते.

2022 साली सरकारने संसदेत सांगितले की, मागील 5 वर्षांत तिन्ही दलांतील 819 जणांनी आत्महत्या केल्या. कारण एकच कधीच नसते. तथापि कौटुंबिक अडचणी, वैवाहिक कलह आणि पैशाची विवंचना यांचा उल्लेख सरकारी उत्तरांतून वारंवार येतो.

दुसरी गोष्ट बराकीतील. फौजेत दोघादोघांची ‘बडी’ जोडी लावतात. एकाचा उतरलेला चेहरा दुसऱ्याने ओळखावा. संध्याकाळी जो तो आपापल्या मोबाईलमध्ये डोके घालून बसला, तर चेहरा पाहणार कोण? 2020 साली सैन्याने 89 ॲप काढून टाकण्याचा हुकूम दिला, तो गुप्ततेसाठी. एकटेपणावर असा हुकूम चालत नाही.

म्हणून फोनवर आधी त्याचे ऐकावे. तक्रार सांगावयाचीच तर तिच्यावर आपण काय उपाय योजला तेही सांगावे. “मी सर्वांना ओझे झालो,” असे तो बोलला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर “जीव द्यावासा वाटतो का?” असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. त्याला बोलते ठेवून घरातील दुसऱ्याने तत्काळ त्याच्या युनिटला कळवावे. पुण्याच्या ए.एफ.एम.सी.मध्ये 1 डिसेंबर 2023 रोजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘टेली मानस’चा खास कक्ष उघडला गेला. टेली मानसचा सर्वसाधारण क्रमांक 14416. तो विनामूल्य आहे, रात्रीही चालतो, आणि तेथे मराठीतून बोलता येते. काळजीने झोप उडालेल्या आईवडिलांनीही तो फिरवावा.