लढाई ब्रह्मदेशात, धावपट्टी बिरसीला

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात डोक्यावरून जाणाऱ्या छोट्या विमानांचं आता कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. बिरसीला वैमानिक घडवणारी संस्था आहे, शिकाऊ पोरं-पोरी घिरट्या घालत असतात, एवढं लहान मुलालाही माहीत असतं. पण धानाच्या बांध्यांच्या मधोमध, मुंबई-दिल्लीपासून इतकं लांब, विमानतळ आलाच कसा? तो कुण्या पुढाऱ्याच्या भाषणातून आला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४०च्या सुमारास, ब्रिटिश हवाईदलाच्या सोयीसाठी ही जागा सपाट झाली. पुढं मार्च १९४२मध्ये रंगून पडलं, एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले, आणि मध्य भारतातली आडबाजूची मैदानं एकाएकी मोलाची ठरली. लढाई ब्रह्मदेशात, धावपट्टी बिरसीला.

आता खरं नवल पुढं आहे. बिरसीच्या शेजारचं गाव कामठा. (नागपूरजवळची छावणीची कामठी वेगळी, हे कामठा.) याच कामठ्यानं सव्वाशे वर्षं आधी आणखी एका युद्धाचा हिशोब चुकता केला होता. म्हणजे कुडव्याहून दहा-पंधरा किलोमीटरच्या टप्प्यात दोन युद्धांच्या खुणा शेजारी-शेजारी पडल्या आहेत. त्या दोन्ही एकच गोष्ट सांगतात, असं माझं मत आहे: लढाई जिंकणाऱ्याला मुलूख मिळतो, हक्क मिळत नाही. तो त्याला नंतर कुठून तरी उभा करावा लागतो, आणि त्या खटाटोपात समाजच बदलून जातो.

आधी जुनी गोष्ट. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ला नागपुरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. आप्पासाहेब भोसले हरले, शरण आले, पुढं कैद झाले आणि १८१८च्या मे महिन्यात अलाहाबादच्या वाटेवर पहाऱ्यातून निसटले. राजा पळाला, फौज मोडली, खजिना हाताशी. नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याला त्याच दिवशी कंपनीचं निशाण लावून मोकळं होता आलं असतं. त्यानं तसं केलं नाही. त्यानं एक दहाएक वर्षांचा मुलगा शोधला.

मुलगा दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा. आप्पासाहेबांच्या आधीचे राजे परसोजी भोसले मरून वर्ष झालं होतं. त्यांच्या विधवेनं, दुर्गाबाईंनी, या बाजीबाला विधिपूर्वक दत्तक घेतलं, त्याचं नाव रघूजी ठेवलं आणि जून १८१८मध्ये त्याला गादीवर बसवलं. वाड्यातला कारभार वडीलधाऱ्या बाकाबाईंकडे, मुलखाचा कारभार जेंकिन्सकडे. तोफा इंग्रजांच्या होत्या, पण लोकांनी मुजरा करावा तो भोसल्यांच्या गादीलाच, हे जेंकिन्सला पक्कं कळलं होतं. परक्या व्यापारी कंपनीला सारा वसूल करायचा तर होमाचा धूर, दत्तकाचा मुहूर्त आणि एका विधवेची ओटी लागली.

तरीही सगळ्यांनी हे मानलं नाही. कामठ्याचा जमीनदार चिमणा पाटील आप्पासाहेबांच्या बाजूनं उठला. वैनगंगेच्या पूर्वेकडचा झाडीचा मुलूख असाच जमीनदारांच्या हाती होता. इथल्या लोकांना नागपूरचं राज्य दिसे ते या जमीनदारांतूनच. कॅप्टन गॉर्डन फौज घेऊन आला आणि १८१८मध्येच कामठा पडलं. चिमणा पाटील कुणबी. त्याच्या घराण्याची जमीनदारी गेली आणि ती लोधी घराण्याकडे सोपवली गेली. एका लढाईनं नागपूरची गादी हलली आणि तिचा धक्का थेट इथपर्यंत आला: कुठल्या वाड्यावर सारा भरायचा, कुणापुढं पागोटं उतरवायचं, हे एका हंगामात बदललं.

याआधीच्या युद्धांनीही इथली वस्ती अशीच घडवली आहे. चिमणाजी भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत पोवारांनी कामगिरी केली आणि त्याबद्दल त्यांना वैनगंगेच्या पश्चिमेला जमिनी मिळाल्या, अशी नोंद जुन्या इंग्रजी ग्रंथांत आहे. ओडिशात कुणीतरी तलवार चालवली म्हणून वैनगंगेच्या काठी कुणीतरी नांगर धरला. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिली युरोपबद्दल असं मांडत असे की तिथली राज्यं युद्धांनीच घडवली: लढायला पैसा हवा, पैशासाठी कर हवा, करासाठी मोजणी हवी, मोजणीसाठी कारकून हवे. त्याला नागपूर राज्याचा इतिहास कुणी वाचायला दिला असता तर त्याला आयतं उदाहरण मिळालं असतं. जेंकिन्सनं १८२७मध्ये नागपूरच्या मुलखावर जाडजूड अहवाल छापला. त्यात पाटील, सारा, पिकं, जाती, नद्या, सगळं आलं आहे. सीताबर्डीची तोफ थंडावल्यावर मोजणी सुरू झाली ती अशी.

आणि आता या गोष्टीतला मला सगळ्यात थक्क करणारा भाग. तोच दत्तक मुलगा मोठा झाला, तिसरे रघूजी म्हणून त्यानं राज्य केलं आणि तो ११ डिसेंबर १८५३ला वारला. पोटी मुलगा नव्हता. राण्यांनी रीतीप्रमाणे दत्तकाचं ठरवलं. गव्हर्नर जनरल डलहौसीनं सांगितलं, दत्तक मान्य नाही, राज्य खालसा. ज्या संस्काराच्या आधारानं इंग्रजांनी १८१८मध्ये राजा उभा केला, तोच संस्कार पस्तीस वर्षांनी त्यांनी निरर्थक ठरवला. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला गेलं. तीन वर्षांनी १८५७ उजाडलं. ते शमल्यावर सरकारला पुन्हा मित्र हवे झाले: भोसले घराण्याच्या दत्तकाला १८६०मध्ये देऊरचे राजाबहादूर म्हणून मान्यता मिळाली. राज्य नाही, नुसता किताब. १८६१मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि पुढच्या बंदोबस्तात मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून भरणाऱ्यांना, गावांची मालकी कायद्यानं मिळाली. ज्या तळ्यांना गोंदिया-भंडाऱ्यात आपण आजही मामा तलाव म्हणतो, ती मालगुजारांकडून सरकारकडे आली ती १९५१मध्ये मालगुजारी गेल्यावर.

म्हणजे दत्तकाला एकदा होकार, मग नकार, मग अर्धा होकार. धर्मशास्त्र तिन्ही वेळा तेच होतं. बदलली ती सरकारची गरज.

दुसरी खूण, बिरसीची. ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. प्रांतांत तेव्हा निवडून आलेली मंत्रिमंडळं होती. मध्य प्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्लांचं होतं. नोव्हेंबरमध्ये त्यानं राजीनामा दिला आणि १९३५च्या कायद्यातल्या कलम ९३ खाली कारभार गव्हर्नरच्या हाती गेला, तो १९४६पर्यंत. इंग्रजांना हे सोयीचं वाटलं असावं: युद्ध चालू असताना कटकट कमी. पण या एका कृतीनं त्यांनी स्वतःच्याच राज्याचा आधार काढून घेतला. मतदान घेऊन, मंत्री नेमून जो होकार मिळवला होता, तो गमावून पुन्हा नुसता हुकूम उरला.

मग विदर्भानं काय केलं ते पाहा. १७ ऑक्टोबर १९४०ला पवनारला विनोबा भावे उभे राहिले आणि या युद्धाला माणसांनी वा पैशांनी मदत करणं चूक आहे, असं जाहीर बोलले. वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही तेच. एक माणूस, एक भाषण, अटक. सरकारच्या हक्कावर बोट ठेवायला मोर्चाही लागला नाही. दोन वर्षांनी मात्र गावंच्या गावं उठली. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीच्या दिवशी चिमूर आणि आष्टी पेटली. आपल्या शेजारी तुमसरला त्याच महिन्यात गोळीबार झाला. तुकडोजी महाराजांना अटक झाली. नागपूरच्या शंकर महाले या तरुणाला जानेवारी १९४३मध्ये फाशी दिलं.

पण आंदोलनाच्या गोष्टी आपण शाळेत ऐकतो. युद्धानं राज्य कसं बदलतं हे पाहायचं तर खिशात आणि घड्याळात डोकवावं.

घड्याळ आधी. १ सप्टेंबर १९४२पासून ऑक्टोबर १९४५पर्यंत देशभरातली घड्याळं एक तास पुढं होती. दिव्यांची, विजेची बचत व्हावी म्हणून सरकारनं वेळच बदलली. गोंदियात सूर्य डोक्यावर यायचा तेव्हा स्टेशनच्या घड्याळात एक वाजून गेलेला असे. गाडी सरकारच्या वेळेनं, नांगर सूर्याच्या वेळेनं.

आणि खिसा. कुणाच्या घरी जुना कलदार असेल तर काढून पाहा. जुन्या राजांच्या रुपयात शंभरातले जवळजवळ ब्याण्णव भाग चांदी. त्याच रुपयात १९४०पासून निम्मीच चांदी उरली. वजन तेच, राजाचं मुंडकं तेच, आत धातू हलका. त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट पुन्हा निघाली. १९४३मध्ये तांबं वाचवायला भोकाचा पैसा आला: मधोमध मोठं भोक, कडेला मुकुट, आणि राजाला चेहऱ्यापुरतीही जागा नाही. लोक हे पारखत नव्हते असं समजू नका. बाजारात बसणारी बाई रुपया दगडावर वाजवून घ्यायची तो काळ. नाणं बद्द वाजलं की ते पाडणाऱ्याबद्दलही मत बनतं. १९४७च्या रुपयात चांदी अजिबात नव्हती, निव्वळ निकेल.

युद्धानं सैन्यही बदललं: ते दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेलं, तेही सक्तीच्या भरतीशिवाय. माणसं हवी झाली की जुने दरवाजे उघडतात. पहिल्या महायुद्धानंतर मोडलेली महार पलटण १९४१मध्ये बेळगावला पुन्हा उभी राहिली, त्यामागं डॉ. आंबेडकरांचा रेटा होता. जुलै १९४२मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन स्थापन झालं आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. शुक्ल आणि विनोबा एका वाटेनं गेले, आंबेडकर दुसऱ्या. दोन्ही वाटांना संधी युद्धानंच दिली. स्वातंत्र्याच्या गोष्टीत ही दुसरी वाट अनेकदा कोपऱ्यात ढकलली जाते. ते चूक आहे. अडचणीतल्या सरकारकडून हक्क मिळवता येतात, हे बाबासाहेबांनी अचूक ओळखलं होतं.

राहिला तांदूळ, म्हणजे आपला जीव की प्राण. ब्रह्मदेश गेला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. बंगालात १९४३च्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं मेली. त्या आधी, डिसेंबर १९४२मध्ये, दिल्लीत पहिल्यांदा स्वतंत्र अन्न खातं निघालं होतं. १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. धान्य कुणी किती साठवावं, कुठल्या जिल्ह्यातून कुठं न्यावं, कोणत्या भावानं विकावं, हे सगळं भारत संरक्षण नियमांखाली सरकार ठरवू लागलं. तोवर सरकार शेतकऱ्याकडून सारा घ्यायचं. त्याच्या कोठारात काय आहे हे त्याला विचारत नव्हतं. आता विचारू लागलं. आणि उलटही झालं: माझ्या पोटाला मिळेल की नाही याचं उत्तर सरकारनं द्यावं, असं लोकांना वाटू लागलं. राज्यकर्त्याच्या हक्काची ही नवी कसोटी होती, आणि बंगालात इंग्रज तिच्यात साफ नापास झाले.

युद्ध संपलं की अशा गोष्टी संपतात, असं वाटतं. तसं होत नाही. १९६२च्या चीन युद्धातली आणीबाणी १९६८पर्यंत चालली. १९७१च्या विजयावर स्वार होऊन काँग्रेसनं १९७२मध्ये महाराष्ट्राच्या २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. पण ३ डिसेंबर १९७१ला जाहीर झालेली बाह्य आणीबाणी मार्च १९७७पर्यंत उठलीच नाही. दोन आठवड्यांचं युद्ध, सव्वापाच वर्षांची आणीबाणी. विजयाचं पुण्य मधल्या काळात संपलं, अधिकार मात्र शिल्लक होते.

धान्याचंही तसंच. त्यावरचे दुसऱ्या महायुद्धातले नियम १९४६मध्ये संपायचे होते. त्यांच्या जागी एक कायदा आला, त्याच्या नावातच ‘तात्पुरते अधिकार’ असे शब्द होते. तो तात्पुरता कायदा नऊ वर्षं पुरला आणि १९५५मध्ये त्याचा कायमचा जीवनावश्यक वस्तू कायदा झाला. १९६५मध्ये, आणखी एका युद्धाच्या वर्षी, भारतीय अन्न महामंडळ सुरू झालं आणि शेतमालाचे भाव सुचवणारा आयोगही. आज गोंदिया जिल्ह्यात दिवाळीनंतर आधारभूत खरेदी केंद्रावर काय चालतं ते डोळ्यासमोर आणा. सातबारा जोडून नोंदणी, बारदाना आला का याची चौकशी, ओलावा सतरा टक्क्यांच्या वर गेला म्हणून परत पाठवलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि बोनस जाहीर होईल का यावर पानठेल्यावर रंगलेली चर्चा. इथं आमदार निवडून येतो किंवा पडतो तो बऱ्याच अंशी या वजनकाट्यावर. सरकारनं धान घेतलंच पाहिजे, हे आता आपल्याला निसर्गनियमासारखं वाटतं. ऐंशी वर्षांपूर्वी ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

२०२०मध्ये केंद्रानं जीवनावश्यक वस्तू कायदा सैल करणारी दुरुस्ती केली. शेतकऱ्यांच्या आंदोलनानंतर २०२१मध्ये ती, इतर दोन कृषी कायद्यांबरोबर, मागं घ्यावी लागली. मूळ कायदा लागू आहे.