गजबजलेल्या शहरांचे शांत संगीत

‘कान्क्यो ओंगाकु’ म्हणजे परिसर-संगीत. जपानमध्ये १९८०च्या दशकात बहरलेले हे वाद्यसंगीत मैफलीसाठी नव्हे, तर माणूस जिथे राहतो, वावरतो त्या जागेसाठी रचले गेले. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस विमानतळासाठीचा संगीतसंग्रह काढून ही कल्पना मांडली होती. जपानी रचनाकारांनी ती घरांत आणि दुकानांत नेली.

त्यांत हिरोशी योशिमुरा (१९४०–२००३) यांचे नाव पहिले. ‘म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स’ (१९८२) हा त्यांचा संग्रह टोकियोच्या हारा संग्रहालयात वाजवण्यासाठी होता. इलेक्ट्रिक पियानोचे मोजके सूर, प्रत्येक सूर विरेपर्यंत थांबणे आणि किंचित बदलत फिरून येणारी तीच ओळ, एवढाच त्याचा ऐवज. ठेका नाही, समेची ओढ नाही. पुढे काय येणार याची उत्कंठा नसल्यामुळे ऐकणाऱ्याचे मन स्वतःच्या विचारांकडे वळते.

या संगीताला मोठा आश्रय दिला तो उद्योगांनी. योशिमुरांचा ‘सराउंड’ (१९८६) मिसावा होम्स या घरबांधणी कंपनीसाठी होता, तर ताकाशी कोकुबो यांचा ‘गेट ॲट द वेव्ह’ (१९८७) सान्यो कंपनीच्या एअर कंडिशनरसाठी. जाहिरातीच्या निमित्ताने झालेले हे काम आजही टिकून आहे, हे त्याच्या कसाचे लक्षण मानावे लागेल.

मराठी कानाला हे सूर परके वाटत नाहीत, त्याचे एक कारण स्वरांत आहे. जपानच्या ‘योनानुकी’ स्वरमालेत सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूप रागाचेच स्वर येतात. ‘मियाकोबुशी’ या दुसऱ्या स्वरमालेचे स्वर गुणकली रागाचे. मात्र भूपात बढत असते. परिसर-संगीत सूर मांडते आणि सोडून देते.

पुणे परिसराचा चिंतनाच्या संगीताशी जुना संबंध आहे. जर्मन संगीतकार डॉयटर कोरेगाव पार्कच्या ओशो आश्रमात राहिले. तिथल्या ‘डायनॅमिक’ आणि ‘कुंडलिनी’ ध्यानांचे संगीत त्यांचे. पण त्या संगीताला ध्यानाचे ठरलेले टप्पे असतात; जपानी रचनांना अशी काही अट नसते.

पुण्याशेजारच्या पिंपरी-चिंचवडला या मोकळेपणाची गरज अधिक. ध्वनिप्रदूषण नियम, २०००नुसार दिवसा औद्योगिक क्षेत्रात ७५ डेसिबल, तर निवासी क्षेत्रात ५५ डेसिबलची मर्यादा आहे. भोसरी, चिंचवडमध्ये मात्र एमआयडीसी आणि वस्ती शेजारीशेजारी आहेत आणि चाकणच्या रस्त्यांवर कंटेनरची वर्दळ असते. परिसर-संगीत त्या आवाजावर मात करू पाहत नाही, त्यात मिसळते. म्हणून ते मोठ्याने लावण्यात अर्थ नाही. नाइट शिफ्ट करून आलेल्याने योशिमुरांच्या ‘ग्रीन’पासून (१९८६) सुरुवात करावी, हेडफोनऐवजी छोट्या स्पीकरवर आणि पंख्याचा आवाज ऐकू येत राहील इतक्या हळू.