काचेच्या पेटीतला समुद्र

मुंबईला चर्नी रोड स्टेशनवर उतरून समुद्राच्या अंगाला आले की तारापोरवाला मत्स्यालय लागायचे. १९५१ साली ते सुरू झाले, आणि खेड्यापाड्यांतून मुंबई पाहावयास आलेल्या शाळांच्या सहली तिथे हटकून थांबत. ते मत्स्यालय आता बंद झाले आहे. पण त्या काचांपुढे उभ्या राहिलेल्या मुलांचा एक प्रश्न अजून शिल्लक आहे : "गुरुजी, असे मासे आपल्या शाळेत ठेवता येतील का?"

येतील. मात्र आधी एक गोष्ट मनात पक्की धरली पाहिजे. मासे पाळायचे म्हणजे खरे तर पाणी पाळायचे. पाणी सांभाळले की मासा आपोआप सांभाळला जातो.

हे शहाणपण मला फजितीतून आले. मी गिरगावात राहणारा, समुद्र चार पावलांवर. ऐन श्रावणात चौपाटीवरून बादल्या भरून आणल्या, लहानशी पेटी भरली आणि त्याच दिवशी दोन सुंदर निळे मासे आणून सोडले. आठवड्याच्या आत दोन्ही मासे पाण्यावर उलटे तरंगू लागले. मुलगी रडत म्हणाली, "बाबा, समुद्राचंच तर पाणी होतं ना?"

तिचा प्रश्न बरोबर होता, चूक माझी होती. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचे पाणी गोड्या पाण्याने पातळ होते, शिवाय शहरातली घाण त्यात मिसळते. म्हणून चौपाटीचे पाणी नको. घरच्या मिठाचेही नको, कारण त्यात जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे आणखीही क्षार असतात. मत्स्यपेटीसाठी तयार समुद्री मीठ मिळते, ते घ्यावे. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सवा फूट उंच पेटीत सुमारे १०० लिटर पाणी मावते. लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने त्याला साडेतीन किलो मीठ लागेल. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी औषधाने घालवावे, मीठ वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवावे, आणि हायड्रोमीटर १.०२३ ते १.०२६ च्या दरम्यान दाखवतो की नाही ते पाहावे. भरलेली पेटी सव्वाशे किलोच्या घरात जाते, तेव्हा टेबल भक्कम हवे, बरे का!

आता दुसरी चूक. माझे पाणी 'कच्चे' होते. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशाला विषासारखा. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य असते. आपल्या शेतकरी बंधूंना हे नवे नाही. शेणखत कुजून पिकाला लागू पडते ते जमिनीतल्या अशाच जीवाणूंमुळे. नव्या पेटीत हे जीवाणू नसतात. ते वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजावर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटी माशांशिवाय चालू ठेवायची आणि खाद्याची चिमूट टाकून कुजू द्यायची. एखाद्या निरोगी जुन्या पेटीतली मूठभर वाळू मिळाली तर उत्तमच. दुधाला विरजण लावावे तसे ते काम करते. रंग बदलणाऱ्या थेंबांची तपासणीपेटी मिळते. तिच्यात अमोनिया आणि नायट्राइट वाढून पुन्हा शून्यावर आले, म्हणजे पाणी 'पिकले'.

मग एक किंवा दोनच मासे आणावेत. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश नवख्याला सोयीचा. समुद्री शोभेचे मासे बहुतेक प्रवाळांच्या परिसरातून पकडून आणलेले असतात, पण क्लाउनफिशची पैदास माणसाच्या देखरेखीखाली होते. तसा वाढवलेलाच मागून घ्यावा. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मुलांनी कोकणातल्या किनाऱ्यावरून ते उचलून आणू नयेत, हेही त्यांना तेव्हाच सांगावे.

रोजचे काम थोडे. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. पाणी २४ ते २७ अंश सेल्सियस असावे. वैशाखात ते तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. वीज गेली तर वाटीने पाणी उचलून वरून ओतत राहावे, किंवा बॅटरीवरचा हवेचा पंप लावावा.

पाणी वाफ होऊन आटते, मीठ मात्र मागेच राहते. मिठागरात हेच तर घडते. १०० लिटरचे ९० झाले, की तेच साडेतीन किलो मीठ ९० लिटरांत उरते, म्हणजे लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम! अशा वेळी वरून खारे पाणी घालायचे का? आमटी आटून खारट झाली तर आपण मीठ घालतो का? साधे पाणी घालतो. इथेही तसेच, क्लोरीन घालवलेले गोडे पाणी घालावे.

आठवड्यातून एकदा मात्र १० लिटर जुने पाणी काढून तेवढेच तयार खारे पाणी घालावे. साचलेले नायट्रेट त्यानेच कमी होते. फिल्टरचा स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने आपले जीवाणू मरतात.

शिक्षकमित्रहो, पहिला महिना मुले रोज विचारतील, "गुरुजी, मासा कुठाय?" त्यांना वाळू दाखवा, थेंबांचे रंग वहीत मांडायला लावा. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी घर तयार केल्यावाचून दिसणारा जीव तिथे राहू शकत नाही, हे त्या रिकाम्या पेटीपुढे त्यांना जेवढे कळेल, तेवढे फळ्यावर लिहून कळणार नाही. मला ते दोन माशांच्या मोलाने कळले. तुमच्या वर्गाला ती किंमत पडू नये, म्हणून हे सांगितले.