अनुभव पदवीच्या आधी

नोकरीसाठी गेलेल्या पदवीधराला पहिला प्रश्न येतो, ‘अनुभव आहे का?’ फ्रान्समधील एसेक या व्यापारशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांनी १९६७ साली यावर तोड काढली. त्यांनी स्वतःच सल्लागार संस्था सुरू केली. ‘ज्युनियर एंटरप्राइज’ नावाची ही पद्धत १९८८ साली ब्राझीलमध्ये पोहोचली. तेथे २०१६ साली तिच्यासाठी कायदाही झाला. कंपनी बाजारपाहणीसारखे काम देते आणि मोबदलाही. ब्राझीलमध्ये ही रक्कम विद्यार्थी वाटून घेत नाहीत. ती संस्थेच्याच कामी लागते. प्राध्यापक देखरेख करतात, परंतु भाव ठरविणे, मुदत पाळणे आणि गिऱ्हाइकाला जाब देणे विद्यार्थ्यांकडेच असते. परीक्षेत चुकले तर गुण जातात. येथे पत जाते. आपल्या महाविद्यालयांनी गावातल्या दुकानदारापासून सुरुवात केली तरी पुष्कळ.